राखणदार

जुन्या कपड्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक मध्यमवर्गीय घरात वर्षातून एकदा, दिवाळीच्या झाडलोटीच्या सुमारास, हटकून उभा राहतो. आमच्या रत्नागिरीच्या बिऱ्हाडात तो कपाटाच्या वरच्या खणापासून सुरू होतो आणि माझ्या शर्टांपाशी येऊन थांबतो. बायकांच्या कपड्यांना सहसा मरण नसते. साडी जुनी झाली की तिचे पडदे होतात, अभ्रे होतात, बाळाची दुपटी होतात आणि अगदीच विरली तर तिची वाकळ होते. जन्मभर अंगावर नेसलेली साडी शेवटी अंगावर पांघरली जाते. पुरुषांच्या कपड्यांचे दैव एवढे थोर नाही. शर्ट विटला की त्याचे फडके होते, नाहीतर तो बोहारणीच्या गाठोड्यात जातो. आणि तीही त्याची कॉलर उलटीसुलटी करून असे काही नाक मुरडते की, हा शर्ट आपण इतकी वर्षे चारचौघांत घालून हिंडलो कसे, असे वाटावे. परवा माझे तीन शर्ट आणि दोन पँटी यांच्या बदल्यात आमच्या हिने एक स्टीलचे पातेले मिळवले. घासाघीस चालली असता त्यातली एक पँट हिने हळूच मागे ओढून घेतली, तरी पातेले कायम राहिले. त्या पँटीकडे मी नंतर येईन.

कोकणात मात्र पुरुषाच्या जुन्या शर्टाला एक मानाची जागा आहे. ती म्हणजे भातखाचरातले बुजगावणे. एक उभी काठी, तिला आडवी बांधलेली दुसरी, भोवती पेंढा, वर उपडे घातलेले काळे मडके आणि त्यावर चुन्याने काढलेले डोळे. एवढे सगळे झाले तरी ते काठ्यामडक्यांचेच प्रकरण असते. त्याचा माणूस होतो तो शर्ट चढवल्यावर. 'बुजणे' हे क्रियापद आपण बैलाघोड्यांच्या बाबतीत वापरतो. बुजवते ते बुजगावणे. पूर्वी हे काम माणसेच करीत. कालिदासाच्या 'रघुवंशा'त, चौथ्या सर्गात, भात राखणाऱ्या बायका उसाच्या सावलीत बसून रघुराजाचे यश गातात. बाई राखणीला बसली तर तिचे काव्य होते आणि पुरुष उभा राहिला तर त्याचे बुजगावणे होते, हा भेद तेव्हापासूनचा असावा.

आमचे गाव निवळीहून जाकादेवीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे. तिथल्या वाडीत कुठल्या बुजगावण्याच्या अंगात कोणाचा शर्ट आहे, हे लांबून ओळखता येते. बायको नवऱ्याचा शर्ट कधी बाद ठरवील याचा नेम नसतो. गणपतीला मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी आपलाच मागल्या वर्षीचा चौकटीचा शर्ट बांधावर हात पसरून उभा असलेला पाहतो आणि घरी पाऊल टाकण्याआधीच काय ते समजतो. या विषयावरचे विनोद मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मीही ते पुष्कळदा सांगितले. पण २०२२ च्या भाद्रपदात मी एस्. टी.च्या खिडकीतून आमच्या खाचराकडे पाहिले, आणि त्यानंतर काही दिवस मला त्यातला एकही विनोद आठवला नाही.

खाचरात बाबा उभे होते.

माझे वडील त्याच वर्षी माघात वारले होते. ते एस्. टी.त कंडक्टर होते. एस्. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. बाबांचाही जन्म त्याच सालचा. त्यामुळे एस्. टी.चे वय ते आपल्या वयावरून सांगत आणि तिच्या दुखण्याखुपण्याकडे सख्ख्या भावंडासारखे पाहत. एकतीस वर्षे त्यांनी घाटातल्या आणि खाडीकाठच्या रस्त्यांवर तिकिटे फाडली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली, पण वेळापत्रक सोडले नाही. संध्याकाळी पडवीत बसून ते रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगत, "साडेसहाची आज अकरा मिनिटं लेट." आतून आई "बरं" म्हणे. या बातमीचा तिला काय उपयोग होता, हे मला कधी कळले नाही. त्यांच्या गणवेशाचे दोन जोड ट्रंकेत होते. ते गेल्यावर बाकीचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. ट्रंक मात्र कोणी उघडली नाही.

आणि आता तोच खाकी शर्ट खाचराच्या मेरेवर उभा होता. वरचे बटण लावलेले. डाव्या खांद्यावर पैशांच्या पिशवीच्या पट्ट्याने पडलेला फिकट पट्टा. एक हात किंचित वर. धावत्या गाडीत वरची दांडी धरून उभे राहत तसा. मी आसनावरून अर्धा उठलो. शेजारच्या गृहस्थांना वाटले, माझा थांबा आला.

घरी पोहोचलो तेव्हा आई पडवीत बसून पावटे सोलत होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"बाबांना बुजगावणं केलंस!"

"बुजगावण्याला त्यांचा शर्ट घातला," आई म्हणाली. "त्यांना काही केलं नाही."

मी शब्दांवर पोट भरणारा माणूस. विद्यार्थ्यांच्या वाक्यांतला कर्ता कोण आणि कर्म कोणते, यावर लाल शाईच्या रेघा मारीत माझी वीस वर्षे गेली आहेत. पण त्या क्षणी माझे वाक्य चुकले होते आणि तिचे बरोबर होते.

"लोक काय म्हणतील?"

"लोक राखायला येतात का?"

"ठेवायचे नव्हते, तर बोहारणीला तरी द्यायचे."

आईने सोललेले पावटे सुपात ओतले. "त्यांच्या शर्टावर चहाची किटली घेऊ? आणि त्या किटलीतला चहा रोज पिऊ?"

मला उत्तर सुचेना. शेवटी मी म्हटले, "मग माझा घालायचास. माझे जुने शर्ट पडलेत ढीगभर."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. खाचराला किती बी लागेल हे पाहावे, तसे ते पाहणे होते. "तुझा नको रे," ती म्हणाली. "तुला उभं राहायची सवय नाही. ते एकतीस वर्षं उभेच होते."

हे तिने टोमणा म्हणून म्हटले नाही, म्हणूनच ते मला लागले. बाबा गेल्यापासून मी तिच्यामागे लकडा लावला होता की, खाचर पडीक टाक, घराला कुलूप लाव आणि रत्नागिरीला आमच्याकडे चल. यात माझे काही चुकत होते असे मला वाटत नव्हते. वाडीतली निम्मी घरे वर्षाचे अकरा महिने बंद असतात. गडी मिळत नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलून, चिखलात वाकून लावणी करावी, आणि लोंब्या भरल्या की रात्री रानडुकरांनी आणि दिवसा वानरांनी त्यावर ताव मारावा! चार-पाच मण भातासाठी हा उपद्व्याप कशाला? तेवढे तांदूळ बाजारातून आणणे मला जड नव्हते. हे सगळे मी आईला हिशेब मांडून पटवले होते. तिने तो हिशेब ऐकून घेतला होता आणि ट्रंक उघडली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती 'टण टण' अशा आवाजाने. बाहेर येऊन पाहतो तो आई पडवीच्या खांबापाशी उभी, हातात एक दोरी. दोरी अंगणावरून, कुंपणावरून, थेट खाचरापर्यंत गेलेली. तिच्या टोकाला बुजगावण्याच्या काखेत तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि त्यात लोखंडाचा तुकडा टांगलेला. आईने दोन हिसडे दिले. टण टण. भातातून पोपटांचा एक थवा चरफडत उठला आणि रस्त्यापलीकडच्या आंब्यावर जाऊन बसला. कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी सुटते, हे मी आईला सांगण्याची गरज नव्हती.

पुढचे चार दिवस मी राहिलो आणि राखणीचे शास्त्र शिकलो. पाखराला आणि वानराला न हलणारा माणूस फार दिवस फसवू शकत नाही. पहिल्या दिवशी ते लांबून पाहतात, दुसऱ्या दिवशी जवळ येतात आणि चौथ्या दिवशी एखादे वानराचे पोर मडक्यावर बसून लोंब्या सोलते. म्हणून आई बाबांना एका जागी उभे राहू देत नसे. आज मेरेवर, उद्या फणसाखाली, परवा रस्त्याच्या बाजूला. एखाद्या दिवशी खांद्यावर टॉवेल, एखाद्या दिवशी हातात तुटकी छत्री. जागा बदलताना ती काठी उपटून खांद्यावर घेई. खाकी बाह्या तिच्या पाठीवर लोंबत. मी म्हटले, "मी नेतो." ती म्हणाली, "तुला तोल सांभाळता यायचा नाही."

वाडीला हे सगळे पसंत होते असे नाही. भावकीतले एक वडीलधारे काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनींना समजावून सांग. गेलेल्याचे कपडे असे उभे करू नयेत. जीव घुटमळतो."

मी ते आईपर्यंत पोहोचवले.

"घुटमळू दे," आई म्हणाली. "तेवढीच राखण."

शहरातल्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, अशी समजूत आहे. तो कोणाला दिसत नाही. पण शेताची, घराची, वाटेने जाणाऱ्यायेणाऱ्याची तो राखण करतो आणि वर्षातून एकदा नारळ, क्वचित कोंबडा, एवढ्यावर संतुष्ट राहतो. मी या गोष्टी मानत नाही. वर्गात मी त्यांना 'लोकश्रद्धा' म्हणतो आणि त्यांवर टिपण देतो. पण त्या संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. रस्त्यावरून साडेसहाची गाडी गेली. चालकाने खाचराजवळ येताच हॉर्न दिला. तो नवा होता की बाबांच्या वेळचा, कोण जाणे. आई पडवीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि खाचराकडे तोंड करून, शेजारणीला सांगावे इतक्याच आवाजात म्हणाली, "आज वेळेवर आली हो."

मी आत उठून गेलो. तिने मला पाहू नये असे वाटले.

रत्नागिरीला परतल्यावर हे सारे डोक्यात घोळत असताना जपानमधल्या एका खेड्याची हकीकत माझ्या वाचनात आली. शिकोकू बेटावर डोंगरात नागोरो नावाचे खेडे आहे. तिथून कामाधंद्यासाठी माणसे निघून गेली, आमच्यासारखीच. या शतकाच्या सुरुवातीला अयानो त्सुकिमी नावाच्या बाई म्हाताऱ्या वडिलांच्या सोबतीसाठी ओसाका शहरातून गावी परतल्या. शेतात उभे करण्यासाठी त्यांनी एक बुजगावणे केले. ते वडिलांसारखेच दिसत होते. येणारेजाणारे त्याला नमस्कार करू लागले. मग गाव सोडून गेलेल्या आणि जग सोडून गेलेल्या माणसांची बुजगावणी त्या करीत गेल्या. आज तिथे ती तीनशेहून अधिक आहेत आणि माणसे मूठभर. २०१२ साली गावातली शाळा बंद पडली, तेव्हापासून वर्गातल्या बाकांवरही बाहुल्याच बसलेल्या आहेत. पर्यटक लांबून पाहायला येतात. मला ते वाचून आनंद झाला नाही. आमच्या वाडीतल्या बंद घरांची मी मनाशी मोजदाद केली. खाचर पडीक टाक, असे मी आईला किती सहज म्हणालो होतो! गाव असेच रिकामे होत असते: एकेका शहाण्या मुलाच्या एकेका बरोबर हिशेबाने.

सुतकाच्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. २०२३ साली गौर आली.

आमची गौर तेरड्याची. पोरीबाळी पाणवठ्यावरून तेरड्याची जुडी वाजतगाजत आणतात. तिला मुखवटा बांधायचा, पाटावर उभी करायची, साडी नेसवायची, दागिने घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य. नीट पाहिले तर बुजगावण्याची आणि गौरीची घडण एकाच जातीची आहे. काठी आणि पेंढा तिकडे, पाट आणि तेरडा इकडे. कपडा चढला की एकाचा पुरुष होतो आणि दुसरीची देवी. फरक एवढाच की, बुजगावण्याला घरातला सर्वांत वाईट कपडा मिळतो आणि गौरीला सर्वांत चांगला. आमच्या गौरीला दरवर्षी आईच्या लग्नातला अंजिरी शालू नेसवत. आईने स्वतः तो दोन-तीनदाच नेसला असेल. गौरीने चाळीसएक वेळा.

त्या वर्षी काय करायचे, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही. हिने रत्नागिरीहून येताना एक नवी साडी आणली होती. आईने ती हातात घेऊन पाहिली, पोत चांगला आहे म्हणाली आणि बाजूला ठेवली. मग ट्रंक उघडून तिने शालू बाहेर काढला. खाकी जोडाच्या खालीच तो होता. सुनेच्या हातात देत ती म्हणाली, "निऱ्या बारीक घाल."

सणाला आलेल्या एका आत्याबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, नवी आहे ना? मग आता तुमचा शालू कशाला गौरीला? बरं दिसेल का?"

"मी विधवा झाले," आई म्हणाली. "शालू झालेला नाही."

आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. बाबांना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. ती बातमी मी आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली होती. "बरं केलं त्यांनी," एवढेच ती म्हणाली होती, आणि मला वाटले होते, तिला त्यातले फारसे कळले नसावे.

संध्याकाळी आरती झाली. माजघराचे दार उघडे होते. गौर दाराकडे तोंड करून उभी होती. पुढे पडवी, अंगण, कुंपण, आणि त्यापलीकडे खाचरात, अगदी समोर, खाकी शर्ट. शालूच्या जरीवर समईचा उजेड होता आणि खाकीवर मावळतीचा. गौरीच्या पाटाची जागा आईने ठरवली होती, आणि बाबांची आदल्या दिवशी बदललेली जागाही तिनेच. ते तिने मुद्दाम केले होते की नाही, हे मी विचारले नाही. दोघेही उभे होते, एवढे खरे. लग्नाच्या त्यांच्या फोटोतही ते असेच उभे आहेत. मध्ये थोडे अंतर सोडून.

कापणी झाली की बुजगावणे मोडतात. पेंढा गुरांना, काठ्या चुलीत, मडके परसात. शर्ट मात्र आई धुऊन, वाळवून, वेखंड घालून ट्रंकेत ठेवते. पण पावसात उभ्या राहणाऱ्या कापडाला किती दिवस टिकवणार? यंदा ट्रंक उघडली तेव्हा उजव्या बाहीचे कोपर पार गेले होते. आईने तो शर्ट आमच्या हिच्याकडे पाठवला. हिने मशीन काढले, कापड शोधले आणि बोहारणीच्या हातून परत ओढून घेतलेली माझी ती जुनी मातकट पँट कापून कोपराला ठिगळ लावले. रंग बराचसा जुळला.

तो शर्ट घेऊन मी गावी गेलो. आईने ठिगळावरून बोट फिरवले. "कसलं कापड?"

"माझी पँट होती," मी म्हटले.

तिने ते पुन्हा एकदा पाहिले. "ठिगळ चालेल," ती म्हणाली.

या खेपेला काठ्या मी बांधल्या. चिखलात माझे पाय घोट्यापर्यंत रुतले आणि उभी काठी दोनदा कलंडली, पण तिसऱ्यांदा ती उभी राहिली. आईने शर्ट चढवला, बाह्या ओढून सारख्या केल्या. मला म्हणाली, "वरचं बटण लाव. ड्यूटीवर उघडं ठेवायचे नाहीत ते." मी बटण लावले. खिशाच्या वर बिल्ल्याच्या पिनेची दोन बारीक भोके होती. इतकी वर्षे तो शर्ट पाहिला, पण ती मला कधी दिसली नव्हती.

मग मी पडवीत आलो आणि खांबाला बांधलेली दोरी ओढली. टण, असा आवाज आला. भातातल्या पाखरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

"एकदा वाजवलीस तर गाडी थांबते," आई खाचरातून ओरडली. "दोनदा वाजव."

मी दोनदा वाजवली.